कोकणातल्या जिल्हा परिषद शाळेत कॉम्प्युटरचा तास सुरू करायचाय? मग हे आधी वाचा

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्ग मिळाला, शाळा द्विशिक्षकी, पट पंधरा-वीस, आणि हजर झाल्या झाल्या मुख्याध्यापक म्हणाले "तुम्ही तरुण आहात, कॉम्प्युटरचं आता तुम्हीच बघा", असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. घाटावरून आलेल्यांसाठी तर खासच, कारण तिकडे चालणाऱ्या बऱ्याच गोष्टी इकडच्या पावसात चालत नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. कोकणात कॉम्प्युटर वापरून जेवढे बिघडत नाहीत तेवढे कुलपात ठेवून बिघडतात. मशीन चालू असलं की आत ऊब राहते, ओल सुकते. बंद खोलीत जून ते सप्टेंबर पडून राहिलं की खारट दमट हवेने पिना हिरव्या पडतात, कीबोर्डला बुरशी, कॅबिनेटमध्ये कुंभारणीचं घर. त्यामुळे कुणी "मुलं बिघडवतील, कुलूप लावा" म्हटलं की गोड बोलून विषय बदला. खाली जे काय सांगतोय ते सगळं मशीन रोज चालू राहावं म्हणूनच आहे.

१. आधी खोली बघा, मशीन नंतर

आपल्याला जी खोली मिळते ती बहुतेक कोपऱ्यातली असते, तिथे मोडके बाक आणि पोषण आहाराची पोती. पोती आधी हलवा. तांदूळ तिथे उंदीर, आणि उंदराला केबल फार आवडते.

मग बघा पश्चिमेकडची खिडकी कुठे आहे, पाऊस तिकडूनच झोडपतो, त्या भिंतीला टेबल नको. जांभ्याची भिंत ओल धरते म्हणून टेबल भिंतीपासून निदान वीतभर पुढे. कौलारू शाळा असेल तर माकडांनी कुठली कौलं हलवलीत ते पहिल्या पावसातच कळतं, म्हणून टेबलांची जागा पहिला पाऊस बघूनच पक्की करा, मे महिन्यात नको.

अर्थिंग. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा मेलंय. वायरमनला बोलवून तपासून घ्या, स्वतः टेस्टर घेऊन बसू नका. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणून कोळसा-मीठ घातलेला खड्डा करून घ्या आणि मार्च ते मे त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. हे काम पोरांना दिलंत तर ती आठवणीने करतात.

विजेचं सांगायलाच हवं. मे अखेर आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर, आणि ब्रॉडबँड असेल तर राउटरची वायरसुद्धा काढायची. स्पाईक गार्ड छोटे झटके खातो, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही.

२. कागद

कंटाळवाणं आहे पण करा, नाहीतर पुढच्या ऑडिटला घाम फुटेल. एवढी कागदपत्रं एका फाईलला लावायची:

- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव (देणगी स्वीकारली किंवा खरेदीला मान्यता दिली)
- देणगीपत्र, त्यात प्रत्येक मशीनचा मॉडेल आणि सिरीयल नंबर
- खरेदी असेल तर दरपत्रकं, बिल, पावती
- डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीला) नोंद, मॉनिटर वेगळा, सीपीयू वेगळा, यूपीएस वेगळा
- यूडायस प्लसमध्ये (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) चालू आणि बंद मशीनची खरी संख्या
- मुलांचे फोटो-व्हिडिओ कुठे टाकणार असाल तर पालकांची लेखी संमती

नेहमीचा घोळ असा होतो की देणगीचं मशीन आलं, हार-नारळ झाला, फोटो निघाले आणि डेडस्टॉकला नोंदच नाही. मग ते मेलं की निर्लेखन (यादीतून काढून टाकणं) करता येत नाही, कारण कागदावर ते कधी आलेलंच नाही! अशी मढी खोलीत वर्षानुवर्षं जागा अडवून बसतात.

यूडायसमध्ये बंद मशीन चालू दाखवायचा मोह होतो. नका करू, पुढे नवीन मागायला गेलात की तोच आकडा आडवा येतो.

३. चाकरमान्यांनी दिलेली मशीनं

गणपतीत चाकरमानी गावी येतात, मंडळाची मीटिंग होते, कोणीतरी म्हणतो "आमच्या ऑफिसातले आठ-दहा कॉम्प्युटर निघतायत, शाळेला देऊया". चांगलीच गोष्ट आहे, निम्म्या शाळांचे कॉम्प्युटर असेच आलेत म्हटलं तरी चालेल. पण हो म्हणायच्या आधी व्हॉट्सॅपवर फोटो मागवा आणि विचारा: रॅम किती, हार्डडिस्क आहे की काढून घेतली (ऑफिसं डेटासाठी बऱ्याचदा काढून घेतात), मॉनिटरची केबल कुठली, पॉवर केबल आणि कीबोर्ड-माऊस येणार की नाही. टेम्पोचं भाडं भरून नुसते रिकामे डबे आणण्यात अर्थ नाही.

आता अशी मशीनं जास्त निघण्याचं कारण पण समजून घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसतं. ऑफिसच्या कामाला ती जुनी, पण आपल्याला अजून बरीच वर्षं पुरतील, फक्त त्यावर विंडोजचा हट्ट धरू नका (पुढच्या पायरीत सांगतो).

मशीन आल्यावर चालू होत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे धावायच्या आधी हे करून बघा. प्लग काढा, झाकण उघडा, रॅमची पट्टी बाहेर काढून तिच्या सोनेरी पिना साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, परत घट्ट बसवा. कोकणात "बंद पडलेली" बरीच मशीनं एवढ्यानेच चालू होतात, खोटं नाही सांगत. दुसरं, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो संपला की मशीनची तारीख मागे जाते, मग इंटरनेटवर प्रत्येक साईट "सुरक्षित नाही" म्हणून ओरडते आणि लोकांना वाटतं व्हायरस आला. सेल बदला, तारीख लावा, संपलं.

पैसे थोडेच असतील तर सगळ्यात आधी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) घाला, मग रॅम ४ जीबी करा. नवीन मॉनिटर वगैरे सगळ्यात शेवटी. आणि नवीनच घ्यायचं असेल तर डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप घ्या, लाईट गेली तरी तास चालू राहतो, आणि इथे लाईट जाणारच.

४. आत काय टाकायचं

लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची ऑपरेटिंग सिस्टीम, त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती. २ जीबी रॅमवर चालते, ४ वर आरामात चालते, फुकट आहे, आणि पेनड्राईव्हवाल्या व्हायरसची कटकट जवळपास संपते. पालक म्हणतील "पण ऑफिसात तर विंडोज असतं". त्यांना दाखवा की माऊस तोच, फोल्डर तेच, फाईल सेव्ह करणं तेच. आपण मुलांना कॉम्प्युटर शिकवतोय, एका कंपनीचा मेनू पाठ करून घेत नाही.

त्यावर लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), टक्स पेंट (चित्रं काढायला), स्क्रॅचसाठी, म्हणजे मुलांच्या प्रोग्रामिंगसाठी (पायरी ७), टर्बोवार्प (स्क्रॅचचं स्वतःचं अधिकृत ॲप लिनक्सला नाही, हे शोधण्यात लोकांचा दिवस जातो), आणि किविक्स. किविक्स म्हणजे अख्खा मराठी विकिपीडिया डाऊनलोड करून इंटरनेटशिवाय वाचता येतो. विज्ञानासाठी फेटची सिम्युलेशन्स (स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग) पण ऑफलाईन मिळतात, बरीचशी मराठीत. तालुक्याला जिथे चांगलं नेट असेल तिथे एकदाच पेनड्राईव्ह भरून आणा. गावात रेंज सड्यावर (वरच्या पठारावर) गेल्याशिवाय येत नाही म्हणून तास अडवून ठेवू नका, पहिलं वर्षभर इंटरनेट लागत नाही.

एक मशीन नीट बसवा आणि बाकीच्यांवर क्लोनझिलाने तेच उतरवा. स्वतः शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठीत, लिब्रेऑफिसचे तर नक्की बघा.

५. पहिले दोन आठवडे बिनमशीनचे

शाळा जूनमध्ये सुरू होते, नेमकी तेव्हाच लाईटची बोंब. चिडू नका, हा वेळ कामाचा आहे. कॉम्प्युटर सायन्सचा अर्धा भाग वीज नसताना शिकवता येतो, आणि माझ्या मते तो नसतानाच चांगला शिकवला जातो, कारण स्क्रीन दिसली की पोरांचं लक्ष दुसरीकडे कुठे जातच नाही.

पहिला खेळ, घावणे. मुलांनी सांगायचं, तुम्ही शब्दशः तेवढंच करायचं, नुसता अभिनय. "पीठ तव्यावर घाला" म्हटलं की कोरडं पीठ तव्यावर टाकल्याचं दाखवायचं. वर्ग हसतो, मग कोणीतरी म्हणतं पाणी राहिलं. परत पहिल्यापासून. मीठ? तवा तापवला? बिडाच्या तव्याला तेल कशाने लावलं, कांद्याने की नारळाच्या शेंडीने? उलटायचा कधी? शेवटी फळ्यावर पायऱ्यांची यादी तयार होते आणि तुम्ही सांगता, ह्याला अल्गोरिदम म्हणतात. "कडा सुटल्या तरच उलटा, नाहीतर थांबा" ही अट झाली आणि "पीठ संपेपर्यंत हेच करा" हे लूप झालं. पुढे स्क्रॅचमध्ये ह्याच दोन गोष्टी येणार आहेत.

दुसरा, ठिपक्यांची कार्डं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर १६, ८, ४, २, १ असे ठिपके काढा, पाच मुलं ओळीत उभी करा, कार्ड दाखवलं तर चालू, पाठ फिरवली तर बंद. १३ करा म्हटलं की ८, ४ आणि १ वाले पुढे. पाच कार्डांत शून्यापासून ३१ पर्यंत सगळे आकडे होतात, म्हणजे कुठल्याही वाढदिवसाची तारीख बसते, मग प्रत्येकाला आपली तारीख करून दाखवायचीच असते. झाली बायनरी. सहावं कार्ड किती ठिपक्यांचं असेल हा प्रश्न विचारा आणि गप्प बसा.

तिसरा, मनात १ ते १०० मधला आकडा धरायचा, मुलांनी विचारायचं "५० पेक्षा मोठा?" दरवेळी अर्धे उडवत गेलं तर सात प्रश्नांत सापडतोच. चौथीची मुलं हे पटकन पकडतात आणि मग घरी काकांना हरवून येतात.

६. कीबोर्ड आणि मराठी

मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डनेच शिकवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, बाराखडी येणाऱ्या मुलाला ते लगेच पटतं. 'कि' लिहायला आधी क मग वेलांटी, जसं बोलतो तसं. मोठ्यांना इंग्रजी अक्षरातून मराठी टाईप करायची सवय असते म्हणून ते इनस्क्रिप्टला अवघड म्हणतात, पण दुसरीतल्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग येतच नसतं, त्याला इनस्क्रिप्ट सोपं जातं.

सापळा एकच: जुन्या कृतीदेव, श्रीलिपी फॉन्टमध्ये काही करू नका. फाईल दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाईलवर उघडली की गिचमिड दिसते. फक्त युनिकोड.

रोज दहा मिनिटं पुरतात. पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून बोटं फिरवायला दिली तर ज्यांची पाळी नाही ती मुलं पण गुंततात. पहिला धडा: स्वतःचं नाव, वाडी, गाव, तालुका.

७. स्क्रॅच

एमआयटीने २००७ मध्ये काढलेलं, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं साधन. पहिली-दुसरीला टॅबवर स्क्रॅच ज्युनियर द्या, त्यात वाचावं लागत नाही, सगळी चित्रं आहेत. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंग सहावीपासून म्हटलंय, त्यामुळे चौथीपर्यंत कसलीही घाई नाही, कोणी दबाव टाकला तर हे सांगा.

एका मशीनवर दोन मुलं, एकाने माऊस धरायचा, दुसऱ्याने सांगायचं, आणि वेळ लावून अदलाबदल. वेळ लावूनच! नाहीतर झील (मुलगा) माऊस सोडत नाय आणि चेडू (मुलगी) नुसती बघत बसते, हे प्रत्येक शाळेत बघितलंय.

पहिला प्रोजेक्ट म्हणून मांजर चालवण्यापेक्षा शिमग्याची पालखी नाचवायला द्या. पालखीचं चित्र मुलं स्वतः काढतात, मग डावीकडे, उजवीकडे, गिरकी, आणि हे दहा वेळा. रिपीटचा ठोकळा असा कळतो की परत सांगावा लागत नाही. ढोलाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून घालतात ते वेगळंच.

८. भरतीचं कोष्टक (हे नक्की करा)

पाचवीच्या पुढे स्प्रेडशीट शिकवायचं म्हणजे लोक मार्कलिस्ट करायला लावतात. मुलांना त्यात काय रस? किनाऱ्यालगत शाळा असेल तर भरती-ओहोटी घ्या.

गावातल्या एखाद्या जुन्या खलाशाला वर्गात बोलवा आणि भरतीची वेळ कशी काढता विचारा. तो सांगेल, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, भरती साधारण तीनला, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. मुलं हे घरी ऐकून असतात, पण हे सूत्र आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता कॅलेंडरवरून पहिल्या खान्यात तिथी, १ ते १५. दुसऱ्या खान्यात सूत्र: बरोबरचं चिन्ह, पहिल्या खान्याचं नाव, चांदणी, ०.७५. खाली ओढा, पंधरा उत्तरं तयार. इथे दोन गमती होतात आणि दोन्ही तुम्ही सांगायच्या नाहीत, मुलांना अडखळू द्या.

पहिली: एकादशीला ८.२५ येतं आणि मुलं आठ पंचवीस वाचतात. ते सव्वाआठ आहे. दशांश तास आणि मिनिटं ह्यांचा घोळ मोठ्यांचाही होतो, इथे तो कायमचा सुटतो.

दुसरी: पौर्णिमेला ११.२५ येतं, म्हणजे सव्वाअकरा. पण अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्ही उधाणांची वेळ सारखीच यायला हवी, म्हणजे पंधरा तिथींत बरोबर बारा तास सरकायला हवेत. पाऊण तास कुठे गेला? बारा तासांचे ७२० मिनिटं, भागिले पंधरा, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं, आणि पाऊण तास म्हणजे ४५. रोजची तीन मिनिटं पंधरा वेळा साठली. सूत्रात ०.७५ चं ०.८ करा, पौर्णिमेला बारा येतात. तोंडी हिशोबाला पाऊण सोपी म्हणून जुन्या लोकांनी ती धरली, होडी काढायला तेवढं पुरत होतं.

मग तिसऱ्या खान्यात प्रत्यक्ष वेळ. मोठ्या माणसाबरोबर धक्क्यावरूनच बघायची, मुलांना एकट्याने पाण्याजवळ पाठवायचं नाही. प्रत्यक्ष वेळ आणि सूत्राची वेळ ह्यात आपल्या बंदराचा म्हणून एक फरक निघतो, कारण मुंबईला आणि मालवणला भरती एकाच वेळी येत नाही. तो फरक चौथ्या खान्यात, त्याची सरासरी, आणि ती सूत्रात मिळवायची. एवढं झालं की आलेख काढा आणि त्या खलाशाला परत बोलवून दाखवा, तो चुका काढेल, काढू द्या.

समुद्र लांब असेल तर पर्जन्यमापक करून पावसाचं कोष्टक करा, तेही छान होतं.

९. मोबाईल आणि फसवणूक

डिजिटल साक्षरता म्हणजे मुलांच्या मार्फत अख्खं घर. आई-वडील बागेत नाहीतर होडीवर, मोबाईल आजीच्या हातात, आणि तिचा मुंबईचा मुलगा पैसे पाठवतो. म्हणून एवढं पाठच करून घ्या: पैसे घेताना यूपीआय पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार. ओटीपी कुणालाच नाही, बँकेलाही नाही. "आज रात्री लाईट कापणार, ह्या नंबरवर फोन करा" हा मेसेज खोटा. "डिजिटल अरेस्ट" असं काही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) फोन, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ (चाइल्ड हेल्पलाईन).

हे भाषण देऊन होत नाही. वर्गात एकाला भामटा करा, एकाला आजी, आणि फोनचं नाटक करा. पालकसभेत हेच नाटक लावा, गर्दी होते, आणि "ह्यां बंद पडलां तर पैशे कोण भरतलो?" विचारणारे पालक पुढच्या वेळी स्वतःहून माऊस घेऊन येतात.

मुलांच्या नावाने कुठे अकाउंट उघडू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि वर सांगितलेलं सगळं अकाउंटशिवाय चालतं.

१०. पावसाळा, सुट्ट्या आणि बदली

पावसाळ्यात गडगडाट नसेल तेव्हा रोज निदान अर्धा तास सगळी मशीनं चालू, कोणी वापरत नसलं तरी. झाकायला सुती कापड घ्या, प्लास्टिकच्या आत घाम धरतो. टॅब आणि लॅपटॉप कपाटात, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, त्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात. गणपती-दिवाळीच्या सुट्टीत शाळेजवळ राहणारं समितीतलं कोणी किंवा हायस्कूलला गेलेली जुनी मुलं येऊन मशीनं चालू करतील अशी सोय करा, आणि तसा ठरावच घ्या म्हणजे किल्ली देताना मुख्याध्यापकांना धाकधूक नको.

बदली कधीही येते. एका वहीत लिहून ठेवा: प्रत्येक मशीनचा पासवर्ड, राउटरचा पासवर्ड, कुठल्या मशीनला काय दुखणं, सेल आणि यूपीएसची बॅटरी कधी बदलली, वायरमनचा नंबर, भरलेला पेनड्राईव्ह कुठे आहे. वही कपाटात नको, मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात ठेवा. आणि सातवीतली दोन मुलं, त्यात एक तरी मुलगी, अशी तयार करा की रॅम पुसणं आणि लिनक्स परत टाकणं त्यांना तुमच्याशिवाय जमेल, ती हायस्कूलला जायच्या आधी सहावीतल्या दोघांना शिकवून जातील एवढं बघा.